जुन्या फ्लॅटचे वायरिंग बदलताना: भाराच्या यादीपासून मेगरच्या आकड्यापर्यंत कामाचा क्रम

जुन्या फ्लॅटचे वायरिंग बदलायला घेतले की बहुतेक घरांत सुरुवात स्विचच्या पट्ट्यांचा रंग निवडण्यापासून होते आणि अर्थिंगचा विषय शेवटच्या दिवशी, रंगारी दारात उभा असताना निघतो. क्रम नेमका याच्या उलट हवा. ठाण्याच्या नौपाड्यातील जुनी इमारत असो, वर्तकनगरमधील दोन खोल्यांचे घर असो किंवा वाशी-नेरूळमधील सिडकोचा फ्लॅट असो, भिंतीवर पहिली छिन्नी पडण्यापूर्वीच अर्धे काम कागदावर आणि मीटर खोलीत पूर्ण झालेले असले पाहिजे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. प्रत्यक्ष जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे आहे, कारण वाढीव भारासाठी लागणारा चाचणी अहवालही त्याच्याच सहीने द्यावा लागतो. हा लेख घरमालकाने काय ठरवावे, कोणत्या टप्प्यावर काम थांबवून काय तपासावे आणि वायरमनला कोणता प्रश्न विचारावा, एवढ्यापुरता आहे.

## १. भाराची यादी

घरातील प्रत्येक उपकरणाच्या मागील पट्टीवर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो वहीत उतरवून घ्या. अंदाजाने लिहू नका. चार माणसांच्या वन बीएचके घराची यादी साधारण अशी निघते: दीड टनाचा एसी १७०० वॅट, गिझर २०००, इंडक्शन शेगडी २०००, हीटर असलेले वॉशिंग मशीन २०००, मायक्रोवेव्ह १२००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, फ्रिज २००, पाण्याचा प्युरिफायर ६०, चार पंखे ३००, दिवे १५०, टीव्ही आणि राउटर मिळून १५०. बेरीज साडेअकरा हजार वॅट होते आणि ती पाहून घाबरायला होते, पण ही सगळी उपकरणे एका वेळी कधीच चालत नाहीत.

म्हणून दुसरी यादी करायची ती घड्याळाची. सकाळी सात वाजता गिझर, इंडक्शन, मिक्सर, इस्त्री, फ्रिज, पंखे आणि दिवे एकत्र चालू असतील तर भार सुमारे ६४०० वॅट होतो. त्याला २३० व्होल्टने भागले की सुमारे २८ अँपिअर येतात. मे महिन्यात आतल्या खोलीतला एसीही सकाळपर्यंत चालू राहत असेल, तर हाच आकडा जवळपास ३५ अँपिअरवर जातो. पुढील सगळे निर्णय, म्हणजे मीटरपासून येणारी वायर, मेन स्विच आणि सर्किटांची संख्या, याच सकाळच्या आकड्यावर ठरतात.

तपासणी: येत्या पाच वर्षांत घरात काय येणार आहे तेही यादीत लिहिले आहे का? दुसरा एसी नक्की येतो.

## २. मंजूर भार आणि मीटर खोली

ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागांत वीजपुरवठा महावितरणचा आहे. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरणाचे काम टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून पाहते. कंपनी कोणतीही असली तरी बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट आणि तुमची सकाळची गरज सहा किलोवॅटची असेल, तर वायरिंगच्या आधी भारवाढीचा अर्ज करा. भार एका मर्यादेपलीकडे गेला की थ्री फेज जोडणी घ्यावी लागते आणि मग डीबीची, म्हणजे घरातल्या वीज वाटणाऱ्या पेटीची, रचनाच बदलते. हे भिंती रंगवून झाल्यावर कळणे फार महागात पडते.

मीटर आणि त्याच्या आधीचा भाग कंपनीचा, तर मीटरपासून तुमच्या दारापर्यंत येणारी सबमेन वायर तुमची, ही सीमारेषा लक्षात ठेवा. मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये. मीटरमध्ये ढवळाढवळ करणे हा विद्युत कायदा, २००३ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ‘दोन मिनिटांचे काम आहे’ असे वायरमन म्हणाला म्हणून तो गुन्हा टळत नाही.

घरातील सगळी वायर नवी करायची आणि सबमेन तीस वर्षांपूर्वीची तशीच ठेवायची, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. सबमेन ३० मीटर लांब आहे असे धरा. जाण्या-येण्याची मिळून ६० मीटर तांब्याची वायर झाली. २८ अँपिअर भाराला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, ६ मध्ये सुमारे ५ आणि १० मध्ये सुमारे ३. वायर तापण्याचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. एसी धरून ३५ अँपिअरची शक्यता असलेल्या घराला १० चौरस मिलिमीटरची सबमेन आणि ४० अँपिअरचा मेन, हे माझे मत आहे. एसीच नसेल तर ६ चौरस मिलिमीटर आणि ३२ अँपिअर पुरतात.

इशारा: मीटर खोलीतील न्यूट्रलचे, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचे, जोड याच वेळी पाहून घ्या. इमारतीला थ्री फेज पुरवठा येतो आणि घराघरांत एकेक फेज वाटलेला असतो. मुख्य न्यूट्रल सैल होऊन तुटला, तर काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढते आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जळतात. त्या वेळी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच, काहीही करत नाही, कारण प्रवाह वाढण्याआधीच उपकरण गेलेले असते. न्यूट्रलचा जोड काळा पडलेला किंवा हिरवट पूड आलेला दिसला, तर सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा.

## ३. अर्थिंग आहे की नुसती हिरवी वायर आहे?

बोर्डात हिरवी वायर दिसणे म्हणजे अर्थिंग असणे नव्हे. ती वायर डीबीतून सबमेनसोबत खाली जाऊन इमारतीच्या अर्थ पिटला, म्हणजे जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याला, जोडलेल्या पट्टीपर्यंत पोहोचते का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. अनेक जुन्या इमारतींत ती पट्टी मीटर खोलीपर्यंत येते, पण घरांकडे जाणारी अर्थ वायर तिथे जोडलेलीच नसते. ती पाइपातून बाहेर येऊन नुसती लोंबत असते.

मल्टिमीटरने तीन मोजमापे करून घ्यावीत. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, असे आकडे यायला हवेत. फेज ते अर्थ ९० किंवा १२० असा अधांतरी आकडा आला तर अर्थ तुटलेली आहे. मात्र २३० आला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण मल्टिमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही आणि एका तंतूने टिकून असलेली अर्थही त्याला चांगलीच दिसते. म्हणून ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने रोधाचा आकडा घ्यावा, आणि तोही शक्यतो एप्रिल-मे महिन्यात. पावसाळ्यात पिट ओला असल्यामुळे आकडा आपोआप सुधारतो आणि जानेवारीनंतर पुन्हा बिघडू लागतो.

इशारा: अर्थिंग नसेल तर ‘न्यूट्रलमधून लूप मारून देतो’ असे सांगणाऱ्या माणसाकडून काम काढून घ्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले आणि मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, तर फ्रिजचे आणि वॉशिंग मशीनचे पत्र्याचे अंग थेट फेजवर येते. पाण्याच्या नळाला अर्थ जोडण्याची जुनी सवयही आता निरुपयोगी आहे, कारण नळ प्लॅस्टिकचे झाले आहेत.

## ४. सर्किटांची विभागणी

सर्किट म्हणजे डीबीतील एका एमसीबीतून निघणारी स्वतंत्र फेज, स्वतंत्र न्यूट्रल आणि सोबतची अर्थ. खोलीनुसार सर्किट पाडण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती चुकीची आहे, कारण बिघाड झाला की अख्खी खोली अंधारात जाते. विभागणी कामानुसार करावी.

वर घेतलेल्या घराला किमान आठ सर्किटे लागतात: दिवे-पंखे दोन, साधी सॉकेटे एक, स्वयंपाकघर दोन, आणि गिझर, वॉशिंग मशीन, एसी यांची प्रत्येकी एक. दिवे-पंख्यांची दोन सर्किटे अशी आखा की प्रत्येक खोलीत निदान एक दिवा दुसऱ्या सर्किटवर राहील.

स्वयंपाकघराला दोन का? इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२०० आणि मिक्सर ७५० हे एकत्र चालले की १७ अँपिअर होतात आणि १६ अँपिअरचे एकच सर्किट अपुरे पडते. यातून पुढील अनर्थ सुरू होतो. नेरूळमधील माझ्या मावसभावाच्या घरात असेच झाले होते. ओट्यावरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी तिथे ३२ अँपिअरचा बसवून दिला होता आणि मागची वायर होती दीड चौरस मिलिमीटरची. एमसीबी पडायचा थांबला, घरचेही खूश झाले. वर्षभराने तो बोर्ड आम्ही उघडला तेव्हा सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी कडे उमटले होते आणि आतली लाल वायर जरा वाकवताच तिचे आवरण भाजलेल्या पापडासारखे मोडून हातात आले. तांबे उघडे, पेटी पत्र्याची आणि अर्थ वायरचा पत्ता नाही.

तपासणी: विभागणी झाली की घराच्या साध्या आराखड्यावर प्रत्येक पॉइंटला सर्किटचा क्रमांक लिहा. कागदावर न आलेला पॉइंट नंतर जवळच्या बोर्डातून ओढला जातो आणि विभागणी तिथेच मोडते.

## ५. आधी वायर, मग तिला साजेसा एमसीबी

एमसीबी उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवण्यासाठी असतो. हे एकदा पटले की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत. भार ठरवून वायर निवडायची, आणि वायर ठरली की तिला झेपेल तेवढाच एमसीबी घ्यायचा; एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवायचा असेल, तर आधी वायर बदलायची.

तांब्याच्या वायरसाठी भिंतीतील पाइपात सुरक्षित बसणाऱ्या जोड्या अशा: दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर आणि ६ किंवा १० अँपिअर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच आणि १६ अँपिअर. एसी आणि गिझरला मी ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतो, पण सॉकेट १६ अँपिअरचे असेल तर एमसीबी १६ चाच ठेवतो, कारण वायर दणकट असली तरी सॉकेटची पात्रता तेवढीच असते. अर्थ वायर फेजच्याच जाडीची घ्यावी. ती बारीक घेऊन पैसे वाचवू नयेत.

१६ अँपिअरचा एमसीबी १७ अँपिअरला लगेच पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. मानकाप्रमाणे अठरा अँपिअरच्या आसपास, म्हणजे १.१३ पटीला, तो तासभर न पडता राहिला पाहिजे आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाभरात पडला पाहिजे. म्हणजे वायरला काही काळ जास्तीचा भार सोसावा लागणार हे गृहीतच धरलेले आहे. वायरच्या जाडीत मोकळीक ठेवायची ती यासाठी.

एमसीबीवरचे वक्राचे अक्षरही, म्हणजे तो किती पट प्रवाहाला तत्काळ पडतो याची खूण, पाहून घ्या. ‘बी’ वक्राचा एमसीबी नाममात्र प्रवाहाच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडतो, ‘सी’ वक्राचा ५ ते १० पटीला. सुरू होताना झटका घेणाऱ्या मोटारींसाठी, म्हणजे एसी आणि वॉशिंग मशीनसाठी, ‘सी’ घ्यावा.

## ६. आरसीसीबी: माणसासाठी

फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, हे आरसीसीबी सतत तोलत असतो. फरक पडला, म्हणजे काही प्रवाह अर्थमधून किंवा कुणाच्या अंगातून गळतो आहे असे दिसले, की तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. १०० किंवा ३०० चा आगीपासून संरक्षणासाठी असतो, माणसासाठी नव्हे. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीन असलेल्या घरात ‘ए’ प्रकारचा घेणे चांगले.

आरसीसीबी जादा भारावर पडत नाही, त्यामुळे तो एमसीबीला पर्याय नाही. त्याच्या पुढे-मागे एमसीबी लागतातच. तसेच फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकाच वेळी हात लागला आणि अर्थकडे काहीच गळले नाही, तर त्याला ते कळतही नाही.

## ७. खरेदी

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ बहुतेक सगळे मिळते, आणि मोठी यादी असेल तर मुंबईला लोहार चाळीत जाणे परवडते. वायरवर आयएसआय चिन्ह, चौरस मिलिमीटरचा आकडा आणि प्रत्येक मीटरवरची छपाई पाहा. ९० मीटरचे सीलबंद बंडल घ्या आणि कापून दिलेला तुकडा घेऊ नका. छताच्या पीओपीवरून वायर जाणार असेल, तर कमी धूर करणारी वायर घ्यावी. बिल पक्के मागा. स्विचच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी घेतल्या तरी चालतात.

## ८. खोदाई, पाइप आणि पेट्या

सोसायटीची लेखी परवानगी आणि आवाजाच्या कामाच्या वेळा आधी ठरवून घ्या. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही, हा नियम जुन्या इमारतीत जितका कडक तितकाच घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टॉवरमध्येही आहे. तिथे मायवान पद्धतीने बांधलेल्या घरांत जवळपास प्रत्येक भिंतच काँक्रीटची आणि भार घेणारी असते. अशा घरात असलेल्या पाइपातूनच वायर बदलावी किंवा भिंतीवरून केसिंग पट्टी न्यावी. ती दिसायला साधी असते, हे कबूल आहे.

विटांच्या भिंतीत चर सरळ उभा काढावा, तिरका कधीही नाही. तिरका चर वर्षभराने कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तिथे नेमका फोटोफ्रेमचा खिळा ठोकला जातो. चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंच्या पेट्या पाठीला पाठ लावून बसवू नयेत. पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा आणि वायरने त्याचा निम्म्याहून कमी भाग भरावा. ठासून भरलेल्या पाइपात वायर तापते आणि पुढे एकही वायर बदलता येत नाही.

उंची ठरवताना स्विचबोर्ड जमिनीपासून चार ते साडेचार फूट, ओट्यावरची सॉकेटे ओट्यापासून फूटभर वर, आणि गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जमिनीलगतची सॉकेटे घेऊच नयेत. वंदना टॉकीजच्या परिसरात पावसाचे पाणी कुठवर चढते हे तिथल्या रहिवाशांना सांगायला नको.

तपासणी: चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी धरून काढा. हे फोटो पुढे पडद्याची पट्टी बसवताना तरी नक्की उपयोगी पडतात.

## ९. वायर ओढणे

गिलावा पूर्ण सुकल्याशिवाय वायर ओढू नये. जुलै-ऑगस्टमध्ये यासाठी आठवड्याहून जास्त थांबावे लागते. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा, हे रंग शेवटच्या पॉइंटपर्यंत पाळले गेले पाहिजेत. लाल बंडल संपले म्हणून उरलेल्या काळ्याने फेज नेला, ही सबब ऐकून घेऊ नका. पाइपाच्या आत जोड नसावा. जोड फक्त उघडता येणाऱ्या पेटीत असावा. पीओपीच्या छतावर नुसती टाकलेली, टेप गुंडाळलेली वायर हा ठाण्या-नवी मुंबईतल्या नव्या अंतर्गत सजावटीतला सर्वांत सर्रास दिसणारा दोष आहे. छत बंद झाल्यावर तो कुणालाच दिसत नाही.

सिडकोच्या जुन्या घरांत कुठे ॲल्युमिनियमची वायर उरली असेल तर ती पूर्ण काढा. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले, की खाडीच्या दमट हवेत तो जोड गंजतो, सैल होतो आणि तापतो.

इशारा: जुन्या बोर्डावर काम सुरू करण्यापूर्वी घरातला मेन बंद करणे पुरेसे नाही. मीटर खोलीतील आपला स्विच बंद करून त्यावर चिठ्ठी लावा आणि इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून त्याचा प्लगही काढा. मेन बंद असतानाही इन्व्हर्टर दिव्यांच्या वायरमध्ये २३० व्होल्ट देत राहतो.

## १०. डीबीची जोडणी

इथे घाई झाली की पुढचे सहा महिने डोकेदुखी. क्रम असा: सबमेन, मग दोन पोलचा मेन, मग आरसीसीबी, मग एमसीबी. आरसीसीबीनंतरच्या प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर आला पाहिजे. एखाद्या सर्किटचा फेज आरसीसीबीतून आणि न्यूट्रल त्याच्या आधीच्या पट्टीवरून घेतला, किंवा दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले, तर तराजू कायम तिरका राहतो आणि आरसीसीबी विनाकारण पडतो.

माझ्या स्वतःच्या घरी इन्व्हर्टर बसवल्यावर हेच झाले. वीज गेली की दिवे व्यवस्थित लागत, पण वीज परत आली की पाच मिनिटांत आरसीसीबी पडे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आरसीसीबी खराब असल्याचे सांगून त्याच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडून दिला, म्हणजे ते उपकरण निव्वळ शोभेचे केले. मला ते कळले दोन महिन्यांनी, चाचणीचे बटण दाबल्यावर काहीच झाले नाही तेव्हा. दोष होता इतकाच, की इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या पट्टीवर बांधलेला होता. एक स्क्रू सोडवून वायर चार इंच हलवली आणि आजार गेला. म्हणून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सर्किटांना फेजप्रमाणेच स्वतंत्र न्यूट्रल पट्टी द्या.

एका स्क्रूखाली दोनपेक्षा जास्त वायर नकोत. वायर भोकात बसत नाही म्हणून तिचे काही तंतू कापून टाकणे, ही चूक बाहेरून दिसत नाही. तेव्हा झाकण लागण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाहा. वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून घेतला की हा प्रश्न उरत नाही.

## ११. वीज सोडण्यापूर्वीच्या चाचण्या

हा टप्पा बहुतेक ठिकाणी सरळ गाळला जातो. ‘दिवा लागला म्हणजे झाले’ ही चाचणी नव्हे.

पहिली मेगरची, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राची. सगळी उपकरणे, एलईडी दिवे आणि पंख्यांचे रेग्युलेटर काढून, आरसीसीबी वेगळा करून, ५०० व्होल्ट डीसीने फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल यांमधील रोध प्रत्येक सर्किटला मोजावा. तो किमान १ मेगओहम हवा. नव्या कोरड्या वायरिंगला याहून कितीतरी जास्त येतो. एखादे सर्किट दोन-तीन मेगओहम दाखवत असेल, तर उत्तीर्ण म्हणून सोडू नका; कुठेतरी खिळा लागला आहे किंवा पाइपात पाणी आहे.

दुसरी अर्थ सलग असण्याची. प्रत्येक सॉकेटच्या अर्थ भोकापासून डीबीतील अर्थ पट्टीपर्यंत रोध एक ओहमच्या आत आला पाहिजे.

तिसरी दिशेची, आणि ती वीज सोडल्यावर करायची. सॉकेटकडे समोरून पाहताना अर्थचे मोठे भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विच फेजमध्येच असावा. तो न्यूट्रलमध्ये असेल तर बंद केलेल्या दिव्याच्या होल्डरमध्येही फेज उभा असतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर फेज-न्यूट्रलची उलटापालट आणि तुटलेली अर्थ दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थ आपापसांत बदलले गेले असतील तर तो सगळे ठीक असल्याचे सांगतो. नेहमीच्या पेनसारख्या टेस्टरवर तर विसंबूच नये. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की लोक ‘डबल फेज आला’ म्हणतात. बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्यामधून फेज परत फिरलेला असतो.

## १२. पहिल्यांदा वीज सोडताना

सगळे एमसीबी खाली ठेवून मेन वर करावा, मग आरसीसीबी, आणि त्याचे ‘टी’ बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. न पडल्यास पुढे जाऊ नये. पडला तर तो पुन्हा चढवून एकेक एमसीबी वर करावा, प्रत्येकानंतर त्या सर्किटचे पॉइंट आराखड्याशी जुळवावेत आणि डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नाव लिहावे. ‘ओटा उजवीकडे’ असे लिहा. नुसता ‘किचन’ शब्द रात्री अंधारात उपयोगाचा नाही. ‘टी’ बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासते, घराची अर्थिंग नव्हे, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातील आकडा वहीत वेगळा हवा.

सर्वांत जड उपकरणे एकत्र लावून अर्धा तास चालवा आणि मग डीबीच्या झाकणाला व सॉकेटांच्या पट्ट्यांना हाताच्या पाठीने स्पर्श करा. कोमट चालेल, हात मागे घ्यावा लागला तर तिथला स्क्रू सैल आहे.

ठेकेदाराचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी हातात घ्या: सर्किट क्रमांक असलेला आराखडा, भिंतींचे फोटो, मेगरचे आणि अर्थचे आकडे, आणि सहीचा चाचणी अहवाल. पैशातला थोडा भाग महिनाभर राखून ठेवा, कारण महिन्याने त्याच माणसाला बोलावून, मेन बंद करून, डीबीतील आणि १६ अँपिअरच्या सॉकेटांतील प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळून घ्यायचा आहे. नव्या तांब्याचे तंतू दबून बसले की स्क्रू अर्ध्या वेढ्याने तरी सैल झालेला सापडतोच. त्याच दिवशी ‘टी’ बटणही दाबा आणि तारीख झाकणाच्या आत लिहा.